प्रकल्प नोंदी: बनूचं शी-शू ट्रेनिंग, गणपती आणि दिवाळीच्या मधे

२२ जून २०२५, रविवार

बनू याच महिन्यात दोन वर्षांची झाली आणि घरात सध्या एकच विषय आहे, डायपर सोडवायचा कधी. पाळणाघरात तिच्याबरोबरची पोरं चड्डीवर आली तशी मृणालला वाटायला लागलं की आपणही हलायला हवं. मला पण वाटतं हलूया, फक्त कॅलेंडर बघून हलूया, कारण ऑगस्टच्या शेवटी गणपतीला गावी जायचंय, गुहागर तालुक्यात, गाडीने, आणि ऑक्टोबरमध्ये दिवाळीला मृणालच्या माहेरी नागपूरला, ट्रेनने, आणि दोन्हीकडे मुक्काम आठवडाभर तरी असतोच.

तारखा आधी लिहून ठेवतो म्हणजे पुढची चर्चा हवेत होणार नाही. गणेश चतुर्थी २७ ऑगस्ट, गौरी विसर्जन २ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबर, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबर, भाऊबीज २३ ला. सुरुवात करायला जागा तशा चारच दिसतात, एकतर लगेच आत्ता, नाहीतर १५ ऑगस्टचा लाँग वीकेंड, नाहीतर गणपतीहून परत आल्यावर, नाहीतर सरळ दिवाळीनंतर नोव्हेंबरात. मृणालचं मत आत्ता. माझं अजून काहीच ठरलेलं नाही.

२५ जून, बुधवार

आईचा गावाहून फोन. तिचं म्हणणं, हे सगळं मे महिन्यातच उरकायला हवं होतं, उन्हाळ्यात पोराला नुसत्या झबल्यावर मोकळं सोडता येतं, धुतलेलं तासाभरात वाळतं, फरशीवर झालं तरी पुसलं की सुकलं. बरोबरच आहे ते. पण यंदा मे तरी कुठे मे होता, २६ मेला मान्सून पुण्यात येऊन पोचला आणि त्याच्या आधीचा आठवडाही पाण्यातच गेला.

मग नेहमीचं वाक्य, "तुला मी सहाव्या महिन्यापासून पायावर बसवत होते, वर्षाचा झालास तेव्हा सांगत होतास." ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, आई दोन्ही पाय जवळ घेऊन बसते, बाळाला घोट्यांवर उकिडवं टेकवते आणि शूऽऽ आवाज काढते, रोज त्याच त्या वेळेला, उठल्यावर आणि दूध प्यायल्यावर. बाळाला तो आवाज आणि ती बसायची पद्धत सवयीची होते. ही फक्त आपल्याकडची गोष्ट आहे असं मला वाटायचं, पण केनियातल्या डिगो लोकांवर १९७७ साली पीडिॲट्रिक्स या मासिकात एक पेपर आला होता, तिथे आया काही आठवड्यांच्या बाळापासूनच हे सुरू करतात आणि पाच-सहा महिन्यांत बाळं बऱ्यापैकी कोरडी राहतात. म्हणजे आई काही तिखटमीठ लावून सांगत नाहीये. फरक एवढाच की त्या पद्धतीत दिवसभर बाळाला चिकटून असलेलं माणूस लागतं, आणि आपली बनू सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा पाळणाघरात असते.

दुसरा मुद्दा पण आईचाच, तिच्या शब्दांत, "त्या डायपरात पोरीला ओलं कळतच नाही." हे पण खरंय. आतली पावडर शू शोषून तिचं जेल करते आणि वरचा थर कोरडाच लागतो, त्यामुळे शू झाली की ओलं, गार, नकोसं वाटणं ही जी पहिली खूण लंगोटातल्या पोराला आपोआप मिळायची ती डायपरवाल्याला मिळतच नाही.

५ जुलै, शनिवार

लशीसाठी डॉक्टरांकडे गेलो होतो, तिथेच विचारून घेतलं. त्या म्हणाल्या वय बघू नका, खुणा बघा. डायपर दीड-दोन तास कोरडा राहतो का, दुपारच्या झोपेतून कधी कोरडी उठते का, शी येताना चेहरा बदलतो का किंवा कोपरा गाठते का, "चप्पल काढ आणि इकडे आण" असं दोन टप्प्यांचं सांगितलेलं करते का, चड्डी स्वतः खाली ओढता येते का.

बनूचं आजचं चित्र असं: शी आली की पडद्यामागे जाते आणि कुणी बघितलं तर "जा" म्हणते. सांगितलेलं ऐकते, मनात असेल तर. दुपारी कधीकधी कोरडी उठते. चड्डी खाली ओढता येत नाही, गुडघ्यापर्यंत जाते आणि अडकते. आणि झाल्यावर सांगते, "बाबा शी", होण्याआधी नाही.

डॉक्टर म्हणाल्या दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण ९० ते १२० मिली मावतं, म्हणजे अर्धा पेला, तर ती दर दीड-दोन तासांनी जाणारच, गाडीत तीन तास धरेल ही अपेक्षाच करू नका. आणि प्रवासाचं विचारलं तर सरळ म्हणाल्या, नवीन घर, नवीन भावंडं, आजारपण, लांबचा प्रवास, यातलं काही तोंडावर असेल तर सुरुवात करू नका, ते होऊन जाऊ दे. झालेलं असेल तर मात्र प्रवासाला घाबरून पुन्हा मागे जाऊ नका. दोन्ही वाक्यं वहीत लिहून घेतली.

१२ जुलै, शनिवार

रात्री वाचत बसलो होतो. सध्या जो तो "मुलाच्या कलाने घ्या" म्हणतो त्याचं मूळ अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांच्या १९६२ च्या पेपरात आहे, त्यांनी ११७० मुलांच्या नोंदींवरून लिहिलं की दिवसाचं ट्रेनिंग सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना पूर्ण झालं, जबरदस्ती न करता. मग १९७३ ला फॉक्स आणि अझ्रिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एकदम उलटा रस्ता दाखवला, भरपूर पाणी पाजा, सराव करून घ्या, बक्षीस द्या आणि काही तासांत शिकवा. हल्ली जे तीन दिवसांत डायपर सोडवा वगैरे व्हिडिओ फिरतात ते त्याच जातीचे.

मला कामाचा वाटला तो २००३ चा फिलाडेल्फियाकडचा अभ्यास, ब्लम आणि सहकाऱ्यांचा. त्यात असं दिसलं की दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा विचारून बसवणं, म्हणजे जोरात ट्रेनिंग, हे २७ महिन्यांच्या आधी सुरू केलं तर ट्रेनिंग नुसतं लांबतं, पूर्ण व्हायचं वय फारसं अलीकडे येत नाही. मृणालला वाचून दाखवलं. ती म्हणाली अमेरिकेतली पोरं आणि आपली पोरं सारखी नाहीत. मान्य, पण बनू पण अमेरिकन पोरांसारखीच जन्मापासून डायपरवर आहे ना, त्यामुळे मला तो आकडा लागू वाटतो.

बनू २७ महिन्यांची होते सप्टेंबरात. लिहून ठेवतो फक्त.

२० जुलै, रविवार

जुलैमधली सुरुवात आज रद्द केली आणि कारण अगदी साधं आहे, कपडे वाळत नाहीत. बाल्कनीत, पंख्याखाली, दाराच्या कडीला, सगळीकडे कपडे आहेत आणि सगळ्यांना तो कुबट वास. पहिल्या आठवड्यात चड्ड्या, दुपटी, पायपुसणी, फरशीची फडकी यांचा जो ढीग पडणार तो या हवेत वाळवायचा कुठे? शिवाय ओली चड्डी अंगावर राहिली की सर्दी, सर्दी झाली की पाळणाघर बंद, आणि मग सगळंच बंद.

पण तयारी सुरू करायला पावसाची काहीच अडचण नाही. बसायची छोटी पॉटी आणून बाथरूममध्ये ठेवलीये, बनू कपड्यांसकट तिच्यावर बसते आणि अस्वलाला पण बसवते, तेवढंच. मोठ्या कमोडवर लावायची घडीची सीट मागवली, ती प्रवासात लागेल. पायाखाली देवघरातला जुना पाट, कारण पाय लोंबकळत राहिले तर पोटाला जोर लावता येत नाही, गुडघे कमरेच्या वर आले की शी सोपी होते. उकिडवं बसण्याचा फायदा तो हाच. आणि शब्द पक्के केले, शी आणि शू, घरात, पाळणाघरात आणि फोनवर आजीकडे पण हेच. मधे कुणी पॉटी, कुणी सुसू, कुणी नंबर टू म्हणत होतं आणि तिला काही कळत नव्हतं कशाबद्दल चाललंय.

३ ऑगस्ट, रविवार

आज खरी चर्चा झाली, १५ ऑगस्टच्या लाँग वीकेंडची. शुक्रवार १५, शनिवारी दहीहंडी, रविवार, तीन दिवस दोघंही घरात. मृणाल म्हणते असे दिवस परत मिळणार नाहीत, तीन दिवसांत होतं म्हणतात ते याच हिशोबाने. मोह मलाही होता.

पण उलटं मोजून बघितलं. गावाला निघायचं २४ ऑगस्टला. म्हणजे १७ ला वीकेंड संपला की एक आठवडा पाळणाघरात, तिथून थेट गाडीत, पुणे-उंब्रज-पाटण करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गाव. पावसात घाटात गाडी बाजूला घ्यायला जागा नसते. ज्या पोराला कळायला लागून जेमतेम आठवडा झालाय त्याला "थांब हं, पुढे हॉटेल आलं की जाऊ" सांगायचं, आणि ते धरून ठेवणार किंवा करून टाकणार, दोन्हीत त्याच्या मनावर ताण. मग आपण कंटाळून डायपर घालणार, मग गावी आठवडाभर डायपर, मग परत येऊन पहिल्यापासून. मला भीती त्या मधल्या मागे-पुढेची वाटते, कारण पोराला त्यातून एवढंच समजतं की हे लोक कधी चड्डी म्हणतात कधी डायपर म्हणतात, यांचं काही खरं नाही.

तीन दिवसांत सुरुवात होते, हे मी मानतो. पण तीन दिवसांनी पोरगी शिकलेली असते ती आपल्या घरात, आपल्या बाथरूममध्ये, आपले आईबाबा समोर असताना. ते दुसऱ्या घरात, दुसऱ्या माणसांत टिकायला निदान चार-पाच आठवडे रोजचंच आयुष्य लागेल असं मला वाटतं. पाळणाघरातल्या मावशींना विचारलं तर त्यांनीही तेच सांगितलं, आणि त्यांनी आमच्यापेक्षा कितीतरी जास्त पोरं चड्डीवर आणलीयेत. म्हणाल्या, "गणपतीच्या आधी नका करू, गौरीला मी पण साताऱ्याला जाते, पोरं सगळी परत आल्यावर आठवडाभर बिथरलेली असतात. सप्टेंबरात करा, मी बसवीन तासातासाला."

ठरलं: गणपतीनंतर. मृणाल नाराज नाही, पण तिने तारीख मागितली, "नंतर" असं मोघम नको म्हणाली. देतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दिवाळीची तिकिटं आज काढली. रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं, १८ ऑक्टोबरचं आज उघडलं. पुणे-नागपूर वंदे भारत याच महिन्यात १० तारखेला सुरू झाली, सकाळी पुण्यातून निघून संध्याकाळी अजनी, म्हणजे नागपुरातलंच स्टेशन, बारा तास. रात्रीच्या गाडीचा विचार केला होता, पोरगी झोपेल म्हणून, पण आपल्या प्रकल्पासाठी दिवसाची गाडी बरी, कारण दिवसा ती सांगू शकते, रात्री नाही. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट लागत नाही पण वेगळी सीट हवी तर पूर्ण भाडं, बारा तास चेअर कारमध्ये मांडीवर शक्य नाही, म्हणून तिच्या नावाची सीट घेतली.

तारखेचा हिशोब यातूनच लागला. १८ ऑक्टोबरच्या आधी पाच-सहा आठवडे म्हणजे सप्टेंबरचा दुसरा आठवडा. गावाहून यायचं ३ सप्टेंबरला, मधे अनंत चतुर्दशीचा ढोल-ताशाचा वीकेंड जाऊ दे. सोमवार, ८ सप्टेंबर.

२९ ऑगस्ट, शुक्रवार, गाव

घाईत लिहितोय, आरतीला बोलावतायत. इथे आल्यावर पक्कं कळलं की आधी सुरू केलं असतं तर बनूला किती जड गेलं असतं. संडास परसात आहे, घरापासून दहा पावलं, पण पावसात ती दहा पावलं म्हणजे शेवाळलेली जांभ्याची पायवाट, छत्री, कंदिलाएवढा उजेड देणारा बल्ब आणि एखादा बेडूक. भांडं भारतीय, आपण पोराला मांड्यांखाली धरून अधांतरी बसवायचं. घरात माणसं एवढी की पडद्यामागे जायला पडदा मोकळा मिळत नाही.

एक गोष्ट मात्र इथेच डोळ्यासमोर आली, डायपरचा कचरा. पुण्यात कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळा देतो, गाडी घेऊन जाते, विषय संपतो. इथे वाडीत घंटागाडी येत नाही. जाळला तर धूर आणि तो वास, पुरला तर कुत्री उकरून काढतात, आणि ओढ्यात टाकायचा तर विचार पण नको, खालच्या वाडीची विहीर त्याच पाण्यावर. आम्ही घट्ट झाकणाच्या बादलीत साठवून पुण्याला परत नेतोय. भाऊ हसला, पण मग त्यानेही त्याच्या पोराचे त्याच बादलीत टाकायला सुरुवात केली. पुढच्या गणपतीला बनू डायपरशिवाय यावी याला हे मला सगळ्यात मोठं कारण वाटतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल परत आलो. आई बरोबर आलीये आणि सर्वपित्रीपर्यंत राहणार आहे, वडिलांचा पक्ष यंदा पुण्यात करायचाय. म्हणजे दिवसभर घरात एक माणूस, आणि ते पण आई. मी त्या दोन आठवड्यांत वर्क फ्रॉम होम मागून घेतलंय, पहिला आठवडा पाळणाघराला सुट्टी.

शेजारच्या काकूंनी सकाळी जिन्यात विचारलं, आठ तारखेपासून पितृपक्ष लागतो, त्यात नवीन काही सुरू करतात का? मी आईकडे बघितलं, कारण आमच्या घरात या बाबतीत तिचा शब्द. आई म्हणाली, "लग्न, मुंज, घरभरणी करू नये. पोराच्या शी-शूला कसला आलाय मुहूर्त, पोटाला कळ आली की तोच मुहूर्त."

आणि नीट विचार केला तर पितृपक्षासारखा पंधरवडा वर्षात दुसरा नाही या कामाला. लग्न नाही, बारसं नाही, वास्तुशांत नाही, खरेदीला कुणी ओढत नाही, पाहुणे नाहीत. ८ ते २१ सप्टेंबर कॅलेंडर रिकामं. लहान पोरं असणाऱ्या कुणालाही हे सांगावंसं वाटतं, गणपती ते नवरात्र हा मधला काळ बघा, पाऊस उतरणीला लागलेला असतो आणि सगळे घरात असतात.

८ सप्टेंबर, सोमवार

सुरू केलं. सकाळी उठल्या उठल्या बसवलं, डायपर काढला तो काढलाच, अंगात लांब झबलं आणि खाली काही नाही. हॉलमधला गालिचा गुंडाळून माळ्यावर, सोफ्यावर मेणकापड आणि वरून गोधडी. उठल्यावर, खाल्ल्यावर, बाहेर जाण्याआधी, झोपायच्या आधी एवढ्याच वेळी बसवायचं, मधे दर दहा मिनिटांनी "शू आली का" विचारायचं नाही. हे मृणालने ठरवलं आणि मला पूर्ण पटलं, कारण सारखं विचारलं की बनू प्रत्येक प्रश्नाला नाहीच म्हणते, भूक लागलीय का विचारलं तरी.

फरशीवर झालं तर आवाज न चढवता "शू झाली, शू पॉटीत करायची" एवढंच, आणि तिच्या हातात पण एक फडकं द्यायचं. शिक्षा म्हणून नाही, तिला पुसायला आवडतं म्हणून.

११ सप्टेंबर, गुरुवार

शू येतेय पॉटीत. दुपारी खेळता खेळता एकदम थांबली, खाली बघितलं, आणि चालू झालेली शू अर्धवट थांबवून पॉटीकडे पळाली. थेंब थेंब रस्ताभर, पण पळाली! आईने तिला उचलून दृष्टच काढली. कळ आल्याचं तिला कळायला लागलंय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

शी मात्र अडली आहे, आणि आजची नोंद मोठी आहे कारण मला वाटतं सगळ्या प्रकल्पाची मान इथे अडकते. शू पॉटीत, शी मात्र दोन दिवस नाहीच, मग रात्री डायपर लावला की पाच मिनिटांत त्यात. उभी राहून, पडद्यामागे, जशी आधी करायची तशी.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जे समजावलं ते सगळ्यांनी वाचावं असं आहे. पोर शी धरून ठेवतं, आतलं पाणी आतडं शोषून घेतं, शी घट्ट होते, मग करताना दुखतं, दुखलं म्हणून पुढच्या वेळी आणखी धरून ठेवतं. हे चक्र एकदा लागलं की महिनोन्महिने जातात, आणि आतडं भरलेलं राहिलं की मूत्राशयावर दाब येऊन शूचं शिकलेलं पण जातं. म्हणून सध्या पहिलं काम, शी मऊ ठेवायची. शी करायला ती डायपर मागत असेल तर द्या, बिनधास्त द्या, फक्त बाथरूममध्ये उभं राहून कर म्हणा. मग डायपर लावून पॉटीवर बसून. मग डायपर सैल. घाई नको.

खाण्याचं आईने हातात घेतलं, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, पपई, वरणभातावर घरचं तूप, पालेभाजी थालीपिठात मिसळून, दुपारी ताक. दूध अर्ध्या लिटरच्या आत आणलं, आधी भूक लागली की दूध असं चाललेलं. बिस्किटं बंद. आणि बसवायची वेळ नाश्त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी पक्की, पोटात अन्न गेलं की आतड्याला हालचाल सुरू होते, आपल्यालाही चहानंतर जावं लागतं ते त्यामुळेच. तेव्हा मी बाजूला बसून गोष्ट सांगतो, झाली तर झाली, नाही तर उठायचं.

२८ सप्टेंबर, रविवार

बाहेरचा सराव सुरू केलाय. पाळणाघर पुन्हा सुरू झालंय, मावशी बाकीच्या पोरांबरोबर रांगेत बसवतात आणि तिथे ती घरच्यापेक्षा लवकर ऐकते, दुसऱ्या पोरांना बघून. मावशींना एकच विनंती केली, मुलगी आहे तर पुढून मागे पुसायचं, जंतू पुढे यायला नकोत. त्या म्हणाल्या मला माहितीये, पण सांगितलंत ते बरं केलंत.

नवरात्रात चतुःशृंगीला गेलो, गर्दीत डायपरशिवाय, निघताना घरी बसवून आणि पोचल्यावर लगेच जागा बघून ठेवून. आता कुठेही गेलं की पहिला प्रश्न संडास कुठे. शी आता बहुतेक वेळा डायपर सैल लावून पॉटीवर, आणि परवा तर डायपर लावायच्या आतच झाली.

आई परत गेली. घर एकदम रिकामं वाटतंय, पण बनूची वेळापत्रकं तिने अशी बसवलीयेत की आम्हाला नुसतं पाळायचंय.

१२ ऑक्टोबर, रविवार

ट्रेनची तयारी. मृणालचा आग्रह, ट्रेनमध्ये डायपर नको, मागे जायचं नाही. माझं म्हणणं बारा तास आहेत, लाजायचं काय. शेवटी मधला रस्ता काढला, चड्डीसारखा वर ओढायचा डायपर, पण त्याला आम्ही "गाडीची चड्डी" म्हणतोय, आणि ती घातली तरी दर दीड तासाने टॉयलेटला न्यायचंच. तिच्यासाठी काही बदललेलं नसतं, गळलं तर सीट वाचते.

बॅगेत: घडीची सीट, जास्तीच्या चड्ड्या आणि पँट, ओल्या कपड्यांना झिपची पिशवी, मेणकापड, छोटी पाण्याची बाटली धुवायला, साबणाचे कागद, मनुका, पपईचे तुकडे डब्यात. घरातली पॉटीसुद्धा नेतोय, नागपूरला तीच ओळखीची हवी. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "तुम्ही काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले, आमच्या घरी का बाथरूम नाही?" त्यांना नीट समजावलं, मग त्यांनीच विचारलं शी-शूला कोणते शब्द वापरता, तेच आम्ही वापरू.

१८ ऑक्टोबर, शनिवार, ट्रेनमध्ये

मनमाड गेलं. पहिल्याच वेळेला अडचण कळली, इथले संडास व्हॅक्यूमचे आहेत, विमानातल्यासारखे, फ्लश केला की असा दणका येतो की बनू माझ्या मानेला चिकटली आणि पुढच्या वेळेला दारापाशीच रडायला लागली. मग पद्धत बदलली, झालं की आधी तिला बाहेर मृणालच्या हातात द्यायचं, दार लावायचं आणि मग मी आत फ्लश करायचा. आत जाताना "आवाज नाही करायचा हं" असं ती संडासाला सांगते. जळगावला चालेल म्हणाली, भुसावळनंतर स्वतःहून उठली. गाडीची चड्डी एकदा ओली झाली, ती झोपलेली असताना, त्यात काही नाही. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी फ्लशच्या आवाजाची तयारी घरूनच करावी, हे कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा, नागपूर

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके सुरू झाले आणि सगळं थोडं मागे गेलं. शू दोनदा चड्डीत, शी सोमवारपासून नाही. चकली, शंकरपाळे, अनारसे, पाणी कमी, झोप कमी, मामा-मावश्यांचे कडेवरचे फेरे, कारणं समोरच आहेत. ठरल्याप्रमाणे आम्ही कुणीच विषय काढला नाही. आज सकाळी सासऱ्यांच्या खोलीत, जिथे सगळ्यात शांत असतं, तिथे आपली पॉटी नेऊन ठेवली, गरम पाणी आणि मनुका, नाश्त्यानंतर गोष्ट. तिने डायपर मागितला. लगेच दिला. त्यात झाली. मृणालला वाईट वाटलं, मी म्हटलं डॉक्टरांनी हेच सांगितलेलं, पोट मोकळं आहे ना, मग आपण पुढेच आहोत.

संध्याकाळी सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की त्यांनी पाहुण्यांना सांगून ठेवलंय, पोरीला कुणी "एवढी मोठी झाली आणि चड्डीत करते" म्हणायचं नाही. मी काही न सांगता. फार बरं वाटलं.

२ नोव्हेंबर, रविवार

पुण्यात येऊन आठवडा झाला. शू दिवसभर ठीक, पाळणाघरात पण. शी गेल्या काही दिवसांत पुन्हा पॉटीत, पाटावर पाय ठेवून, डायपर न मागता. चड्डी आता स्वतः खाली ओढते, वर ओढताना मागची बाजू अडकते.

रात्रीचा डायपर चालू आहे आणि चालू राहणार. झोपेत शू कमी तयार व्हायला मेंदूतून एक हार्मोन रात्री जास्त सुटावं लागतं, ते कधी सुरू होईल ते पोरावर आहे, शिकवून येत नाही, आणि पाच वर्षांपर्यंत रात्री ओलं होणं डॉक्टर आजार धरत नाहीत. सकाळी सलग बरेच दिवस कोरडी उठायला लागली की बघू, बहुतेक मे महिन्यात, आणि यंदाच्यासारखा पाऊस लवकर आला नाही तर आईकडे गावी.

त्याआधी भावाला परसातल्या संडासाच्या पायवाटेवर खडबडीत फरशी आणि एक चांगला दिवा लावायला सांगितलंय, अर्धे पैसे मी देतोय. घडीची सीट तिथल्या भारतीय भांड्यावर चालणार नाही, म्हणून पडवीत ठेवायला दुसरी पॉटी घ्यायची, ते बाकी आहे.